‘कशावरून?’ इथून सुरुवात कर

प्रश्न विचारणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जग म्हणजे कॉम्प्युटर सिम्युलेशन आहे असे व्हिडिओ बघून गेले दोन महिने डोक्यात तेच फिरतंय, मग आपल्याला खात्रीने काहीच कळत नाही का, जग खरं आहे की माया, आणि तत्त्वज्ञान कधी शिकलो नाही, संस्कृत येत नाही, तर सुरुवात कुठून करू?

मी पंचवीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. तू वयाने माझ्या वर्गातल्या मुलांएवढा, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारं पोर बहुतेक वेळा खरंच अस्वस्थ असतं, त्यामुळे ‘जास्त विचार करू नकोस’ असं मी कुणालाही सांगत नाही. विचार करच, फक्त तू सुरुवात केलीयस ती आधी कळस मग पाया अशी. सिम्युलेशन हा शेवटचा मजला आहे. आपण खालून चढू या आणि त्याला संस्कृत, इंग्रजी काहीही लागत नाही, आपल्याच बोलण्याकडे नीट कान दिला की झालं.

इंग्रजीत ‘नो’ (know) हे एकच क्रियापद सगळीकडे चालतं. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. मला पुण्याची लोकसंख्या माहीत आहे, मला पोहता येतं, आणि मी अमक्याच्या आत्याला ओळखते. ही तीन ज्ञानं एकात एक बसत नाहीत, पोहण्यावरची दहा पुस्तकं तोंडपाठ केली तरी विहिरीत उतरल्यावर पोहता येईलच असं नाही, आणि एखाद्या माणसाची सगळी माहिती गोळा केली म्हणजे तुझी त्याच्याशी ओळख झाली असंही नाही. तत्त्वज्ञानातली जुनी भांडणं बहुतेक पहिल्या प्रकारावर आहेत, म्हणजे ‘मला माहीत आहे की अमुक असं आहे’ यावर. आता अजून एक बघ. ‘मला वाटतं उद्या सुट्टी आहे, पण नसेलही’ हे वाक्य चालतं. ‘मला माहीत आहे उद्या सुट्टी आहे, पण नसेलही’ हे म्हणताना जीभ अडखळते की नाही? म्हणजे वाटणं आणि माहीत असणं यातला फरक तू लहानपणापासून पाळतोयस, तो फरक नेमका कशात आहे एवढंच शोधायचंय.

वर्गात मी पहिल्या तासाला मूठभर चिंचोके घेऊन जाते. त्यातले काही मुठीत धरते, मूठ बंद, आणि विचारते किती आहेत. पोरं ओरडतात, पाच, नऊ, अकरा. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला सात, मूठ उघडली, सातच निघाले, वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, याला माहीत होतं का? सगळे म्हणाले नाही, अंदाज लागला. पण त्याला मनापासून सातच वाटत होतं आणि ते खरंही निघालं, मग कमी काय पडलं? थोडा वेळ शांतता, आणि मग एक मुलगी म्हणाली, मॅडम, त्याला विचारलं ‘कशावरून?’ तर तो काहीच सांगू शकणार नाही.

तिने एका वाक्यात सगळं सांगितलं. आणि हा मुठीचा खेळ माझा नाही हो, बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचा आहे. त्याने खंडनखंडखाद्य या ग्रंथात चिंचोक्यांऐवजी कवड्या घेतल्या होत्या: मुठीत पाच कवड्या, समोरच्याने सहज म्हटलं पाच, निघाल्या पाच. याला ज्ञान म्हणायचं का आणि नसेल म्हणायचं तर तुमची ज्ञानाची व्याख्या दुरुस्त करा, असं तो नैयायिकांना म्हणजे न्यायशास्त्रवाल्यांना डिवचत होता. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस हाच प्रश्न घेऊन बसतो, ज्ञान म्हणजे काय, तीन उत्तरं तपासतो. तिसरं उत्तर असं की खरा समज अधिक त्याचं स्पष्टीकरण म्हणजे ज्ञान. तेही त्याला पुरत नाही आणि संवाद उत्तराविनाच संपतो. पुढे बरेच लोक या तिसऱ्या उत्तराची सुधारलेली आवृत्ती धरून चालले: तुला वाटतंय, ते खरं आहे, आणि ‘कशावरून’ला तुझ्याकडे चांगलं उत्तर आहे, बस, तुला माहीत आहे.

मग १९६३ साली एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि हे तिन्ही असूनही ज्ञान नसू शकतं हे दाखवलं. त्याची उदाहरणं नोकरीच्या मुलाखतीची वगैरे आहेत, मी माझ्या स्वयंपाकघरातलं सांगते. कुकर लावून मी आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा तीन शिट्ट्या ऐकल्या, म्हटलं डाळ शिजली, गॅस बंद केला. झाकण पडल्यावर बघितलं, डाळ शिजलीच होती. नंतर कळलं की मी ऐकल्या त्या शिट्ट्या शेजारच्या घरातल्या कुकरच्या होत्या, आमच्या कुकरच्या मी आंघोळ करत असतानाच होऊन गेल्या होत्या. आता सांग. डाळ शिजलीय असं मला वाटत होतं, ती शिजलेली होती, आणि ‘कशावरून’ला माझ्याकडे उत्तरही चांगलं होतं, रोज त्याच भरवशावर घर चालतं. तरी मला माहीत होतं असं म्हणवत नाही, कारण माझं कारण आणि खरी गोष्ट यांची भेटच झाली नव्हती, योगायोगाने दोघी एका जागी आल्या.

याची गंमत म्हणजे आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडिताने अशीच उदाहरणं दिलीत. तहानलेल्या वाटसरूला लांब पाणी दिसतं, ते असतं मृगजळ, पण तो तिथे पोचतो तर खडकाखाली खरंच पाणी सापडतं. दुसरं, मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने माशांचा थवा घोंगावतोय, लांबचा माणूस त्या थव्याला धूर समजतो आणि म्हणतो तिथे विस्तव आहे. आहेच विस्तव! पण त्याला तो कळला का? गेटियरच्या आधी जवळजवळ बाराशे वर्षं हा प्रश्न आपल्याकडे मांडून झाला होता. हे मी ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं मिरवायला सांगत नाहीये, त्या मिरवण्याचा मला कंटाळा आहे. सांगायचं कारण एवढंच की दोन वेगळ्या भाषांतली माणसं एकमेकांची खबर नसताना त्याच खड्ड्यात पाय घालतात तेव्हा तो खड्डा खरोखरचा आहे, कुणा एकाच्या डोक्यातला नाही, असं समजायला हरकत नाही.

मग ‘कशावरून’ची चांगली उत्तरं कोणती? आपल्याकडे यालाच प्रमाणं म्हणतात. आपल्या जुन्या तत्त्वज्ञानाच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, त्यातले चार्वाक एकच मानतात, प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेलं. बौद्ध दोन, प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्य त्यात शब्द घालून तीन करतात, न्याय उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, घालून चार, आणि कुमारिल भट्टाचे मीमांसक आणि अद्वैती सहापर्यंत जातात. आकडे पाठ करू नकोस, परीक्षेत कामाचे, समजायला फारसे नाहीत. मी तीनच घेते.

पहिलं प्रत्यक्ष. आपल्याकडे याबद्दल दोन म्हणी आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध जातात. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणजे समोर दिसतंय त्याला वेगळा पुरावा कशाला हवा. आणि दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. दोन्ही खऱ्या आहेत हीच तर अडचण आहे.

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, तो दिवस तुझ्या घरच्यांना विचार, लख्ख आठवत असेल. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि आईबरोबर आमच्या आळीतल्या देवळात रांगेत उभी होते. माझा नंबर आला, चमच्यात काठोकाठ दूध, चमचा सोंडेला टेकवला, किंचित कलता झाला आणि दुधाची पातळी माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू उतरली. मी ऐकलं नव्हतं, वाचलं नव्हतं, माझ्या हातात चमचा होता. आई म्हणाली, बघितलंस ना? बघितलं होतंच. त्याच दिवसांत सरकारच्या विज्ञान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, पांढरं दूध पांढऱ्या किंवा ओल्या मूर्तीवर दिसत नाही, रंगीत दिसतं. मला नंतर कित्येक महिने एकच गोष्ट छळत होती, माझे डोळे खोटं बोलले का? नाही. चमचा रिकामा झाला हे मी पाहिलं आणि ते खरं होतं. ‘गणपती दूध प्यायला’ हे मी पाहिलं नव्हतं, ते मी त्यात जोडलं होतं, आणि इतक्या पटकन की जोडल्याचं कळलंसुद्धा नाही. त्या रांगेतल्या कुणाच्याही श्रद्धेला मी नावं ठेवत नाहीये, माझी आई आजही रोज पूजा करते आणि मी तिला फुलं आणून देते. मला कळलेली गोष्ट वेगळी आहे: ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ या वाक्यात पाहिलेलं किती आणि जोडलेलं किती हे आधी सोडवायला लागतं. मी याच विषयात एम.ए.ला गेले त्यामागे तो चमचा आहे.

तू म्हणशील, मग जोडलेलं सगळं काढून टाकू आणि शुद्ध पाहिलेलं तेवढं ठेवू. बौद्ध पंडित दिङ्नाग असंच म्हणतो, कल्पना मिसळली नाही तेच प्रत्यक्ष. पण ते वेगळं काढता येतं का? १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू या आयरिश माणसाने इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकला एक प्रश्न पाठवला. जन्मांध माणसाला हाताने घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली आणि ते दोन्ही समोर टेबलावर ठेवले, तर हात न लावता कोणता कुठला हे त्याला सांगता येईल का? तीनशे वर्षं लोक खुर्चीत बसून यावर वाद घालत होते. उत्तर मिळालं ते आपल्या देशात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केलं, त्यात जन्मापासून अंध पण उपचार होऊ शकतील अशा मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. अशी पाच मुलं, वय ८ ते १७, ऑपरेशननंतर लगेच तपासली, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखायला सांगितली तर त्यांचं उत्तर नुसत्या अंदाजापेक्षा फारसं बरं नव्हतं. पण थोड्याच दिवसांत, कुणी मुद्दाम शिकवलं नसताना, ते जमायला लागलं. म्हणजे डोळे उघडले की जग आयतं आत येतं असं नाही, पाहणं हेही ‘येतं’ या क्रियापदातलं आहे, पोहण्यासारखं. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या मुलांचं पहिलं टेबल, पहिला गोळा डोळ्यासमोर येतो.

दुसरं अनुमान. शितावरून भाताची परीक्षा. आई पातेल्यातलं एक शीत उचलते, अंगठा आणि बोटात दाबते आणि सांगते झाला. एका शितावरून हजार शितांबद्दल! याच चालीवर कुणी म्हणतं, अमक्या गावचा एक माणूस भेटला, फसवून गेला, ते गावच तसलं. पहिलं आपल्याला पटतं, दुसरं पटू नये, फरक कुठे आहे? फरक असा की सगळी शितं एकाच तांदळाची, एकाच पाण्यात, एकाच आचेवर आहेत, म्हणजे एक दुसऱ्यासारखं का असावं याला कारण आहे. लग्नातला आचारी बघ, तो एका शितावर थांबत नाही, झारा तळापर्यंत घालून वरचं, मधलं आणि कडेचं बघतो, कारण एवढ्या मोठ्या पातेल्यात आच सगळीकडे सारखी नसते हे त्याला ठाऊक असतं.

न्यायवाले याला व्याप्ती आणि उपाधी असे शब्द वापरतात. व्याप्ती म्हणजे दोन गोष्टींची न चुकणारी सोबत. धूर आहे तिथे विस्तव आहे, ही व्याप्ती पक्की. उलट करून विस्तव आहे तिथे धूर आहे म्हटलं की फसलं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. तुझ्या घरच्या गॅसच्या निळ्या ज्योतीचंही तेच. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं, ती लपलेली अट म्हणजे उपाधी. एखादा नियम ऐकलास की लपलेली अट शोधायची ही सवय मला या शास्त्राची सगळ्यात मोठी देणगी वाटते, तुझ्या लॅबमध्ये सुद्धा कामाला येईल. युरोपात शतकानुशतकं हंस पांढराच असतो असं धरून चालले होते, काळा हंस म्हणजे अशक्य गोष्ट अशी म्हणच होती. १६९७ मध्ये विलेम डी व्लामिंग हा डच खलाशी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नदीत शिरला आणि समोर काळे हंस. पुढे अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने हे पार तळापर्यंत नेलं: आजवर सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेल याला आधार काय? ‘आजवर निसर्ग असाच वागत आलाय’ हा? पण आजवरवरून उद्यावर उडी मारता येते का हाच तर प्रश्न आहे. या प्रश्नाला सगळ्यांनी मान्य केलेलं उत्तर आजही नाही.

तिसरं शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. इथे विज्ञानाचे विद्यार्थी नाक मुरडतात, सांगोवांगी म्हणतात, बाबा वाक्यं प्रमाणम् नको म्हणतात. मी त्यांना एवढंच विचारते, तुझी जन्मतारीख काय? आणि कशावरून? तू तिथे होतास पण तुला आठवत नाही. आईने सांगितलं, दाखल्यावर लिहिलंय. स्वतःबद्दलची इतकी जवळची गोष्ट, आणि ती पूर्णपणे दुसऱ्याच्या शब्दावर उभी आहे. माझ्या वडिलांच्या सगळ्या कागदांवर १ जून आहे. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची १ जूनच असते, कारण शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी वयाच्या हिशोबाने १ जून टाकायचे. आजी मात्र सांगायची की हा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला, ओढ्याला पूर होता म्हणून सुईण उशिरा पोचली. सरकार, बँक, पेन्शन सगळे १ जून धरून चालतात आणि आम्ही घरी श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पुरण घालतो. कागद खरा की आजी? न्यायशास्त्रात आप्त म्हणजे नातेवाईक नाही, आप्त म्हणजे जे जसं आहे ते तसं सांगणारा. आजीला ते माहीत असायला जागा होती, खोटं सांगायला कारण नव्हतं, आणि पुराच्या आठवणीला गावातले आणखी दोघं दुजोरा देत. कागदामागे फक्त एक सोय होती. फॉरवर्ड आला की हीच तपासणी करायची, याला हे कळण्याचा मार्ग होता का आणि याचा यात काय फायदा आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हा कमीपणा नाही, तपासायचं कसं तेवढं मात्र यायला हवं.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे. हे सगळं चुकू शकतं, मग खात्री कसली? देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये हाच धागा ओढला. इंद्रियं कधीतरी फसवतात, मी आत्ता स्वप्नातही असेन, एखादी बलाढ्य दुष्ट शक्ती मला प्रत्येक गोष्टीत फसवत असेल, मग उरलं काय? फसवला जाणारा मी तरी आहेच, एवढं. तुझं सिम्युलेशन म्हणजे त्याच दुष्ट शक्तीला कॉम्प्युटर दिलाय, दुसरं काही नाही. यावर मला सगळ्यात पटलेलं उत्तर न्यायातलं आहे: संशयालाही कारण लागतं. संध्याकाळी लांबून खांब की माणूस असा संशय येतो कारण उंची दोघांची सारखी आणि हात-पाय दिसत नाहीत. कारण आहे म्हणून संशय आहे, आणि म्हणूनच जवळ गेलं की तो फिटतो. ‘असू शकेल ना पण’ एवढ्यावर उभा केलेला संशय फिटत नाही, तो खोल असतो म्हणून नव्हे, त्याला पायच नसतात म्हणून.

न्यायातल्याच उदयनाचार्यांनी संशयाची हद्द सांगितली: व्याघातावधिराशङ्का. म्हणजे शंका कुठवर चालेल, तर तुझ्याच वागण्याशी तिचा विरोध येत नाही तोवर. श्रीहर्षाने, हाच तो कवडीवाला, त्याच श्लोकातले शब्द थोडे फिरवून उलट टोला दिला की अहो, विरोध दाखवायचा म्हणजे आधी शंका असायलाच हवी ना, मग शंका मिटली कुठे? भारी टोला आहे, मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. मग न्यायाच्या बाजूने गंगेश या पंडिताने उत्तर दिलं: धूर विस्तवानेच होतो का अशी शंका घेणारा माणूस धूर हवा असला की विस्तवच पेटवतो, भूक लागली की जेवतोच, दुसऱ्याला पटवायला शब्दच वापरतो. ज्याची शंका घेतोस त्याच्याच भरवशावर हात हलवतोस, तर ती शंका तुझी नाही, नुसती जिभेवर आहे. गंगेशाने श्रीहर्षाला पुरतं गप्प केलं का? मला तसं वाटत नाही. शंभर टक्के खात्री त्याने दिलेली नाही. पण ज्ञान म्हणजे शंभर टक्के खात्री, ही अटच देकार्तने घातलेली आहे आणि ती मानलीच पाहिजे असं नाही. डॉक्टरला निदान ‘माहीत असतं’ आणि ते चुकू शकतं, दोन्ही आपण एकाच वेळी मानतो. माहीत असणं म्हणजे ‘कशावरून’ला आज उत्तर देता येणं आणि उद्या कुणी खरं कारण दाखवून शंका घेतली तर पुन्हा तपासायची तयारी असणं, मी पंचवीस वर्षांत इथवर पोचलेय.

आणि जग खरं की माया? आधी व्हिडिओतलं एक दुरुस्त करते. निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाचा सिम्युलेशनवरचा २००३ चा लेख ‘आपण सिम्युलेशनमध्ये आहोत’ असं सिद्ध करत नाही. तो म्हणतो तीनातलं एक खरं असावं: एक तर तसं तंत्रज्ञान हाती येण्याआधीच जवळजवळ सगळ्या संस्कृती संपतात, नाहीतर हाती आलं तरी असली सिम्युलेशन्स चालवण्यात त्यांना जवळजवळ रस नसतो, नाहीतर आपण बहुधा त्यात आहोत. व्हिडिओवाले पहिली दोन गाळतात.

दुसरी दुरुस्ती घरातली. ‘शंकराचार्य म्हणतात जग नाहीच’ असं सर्रास ऐकू येतं. मिथ्या म्हणजे नाही असा अर्थ नाही. सशाचं शिंग नाही, ते कुणाला दिसतही नाही. दोरीवर दिसलेला साप दिसतो, घाम फुटतो, आणि दिवा आणला की जातो, म्हणून तो ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही, याला मिथ्या म्हणतात. शिवाय ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य स्वतः विज्ञानवादी बौद्धांशी, म्हणजे बाहेर काही नाही, सगळं मनातलंच आहे म्हणणाऱ्यांशी, भांडतात की जागेपणीचं जग स्वप्नासारखं नाही, स्वप्न जागं झालं की खोटं ठरतं, समोरचा खांब तसा ठरत नाही. त्यांच्याच परंपरेतले आधीचे गौडपाद मात्र जागृती आणि स्वप्न यांना एका माळेत बसवतात. एका परंपरेत इतका मतभेद, आणि आपण ‘माया’ म्हणून एका शब्दात उरकतो.

दोरीकडे नीट बघ, तिथे खरी चावी आहे. साप खोटा होता हे तुला कळलं कधी? दोरी कळली तेव्हा. भ्रम हा भ्रम आहे हे कळायला काहीतरी खरं कळावं लागतं. म्हणून ‘सगळंच भास असेल’ म्हणणाऱ्याला मी विचारते, कशाच्या मानाने भास? दोरी कुठेय तुझी? अद्वैती याला उत्तर देतो, तो म्हणतो दोरी म्हणजे ब्रह्म, आणि ते कळल्यावरच जगाचा बाध होतो, म्हणजे सापासारखं ते खोटं ठरतं, तोवर व्यवहारात जग खरंच. त्याच्याकडे दोरी आहे, पटो वा न पटो. सिम्युलेशनवाल्याकडेही एक आहे, बाहेरचा खरा कॉम्प्युटर. पण मग तुझ्या हातातला कप खोटा कसा ठरला? तो अणूंचा बनलेला नसून बिट्सचा बनलेला निघाला, एवढंच. चहा ओतला तर राहतो, हातातून सुटला तर फुटतो. कप कशाचा आहे हा एक प्रश्न आणि कप आहे का हा दुसरा. या दोन प्रश्नांचा गुंता झाल्यामुळे तुझं डोकं फिरलंय असं मला वाटतं.

आणि आपले ज्ञानदेव? अमृतानुभवातलं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे, पुस्तकातलं सगळ्यात मोठं. अज्ञानामुळे जग दिसतं म्हणता, तर ते अज्ञान आहे हे कळतं कुणाला? ज्ञानाला म्हणाल तर ज्ञानापुढे अज्ञान उभंच राहत नाही, अज्ञानालाच म्हणाल तर ज्याला कळतं ते अज्ञान कसलं. मग जग हा भ्रमाचा पसारा राहत नाही, चैतन्याचाच विलास ठरतो. हे पटलंच पाहिजे असं नाही, वर्गात मी याच्या विरुद्ध बाजूनेही बोलते. पण ‘जग माया आहे’ हे मराठी माणसाचं एकमेव वारसाहक्काचं मत आहे असं कुणी सांगितलं तर हे प्रकरण त्याच्यासमोर ठेव.

सुरुवात कुठून. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह सतराव्या शतकातला, मूळ काही पानांचाच आहे, मराठी भाषांतर आणि स्पष्टीकरणासह मिळतो, रोज अर्धं पान वाच, एकट्याने नको, भांडणारा एक मित्र बरोबर घे. त्याच्या जोडीला बर्ट्रांड रसेल या इंग्लिश तत्त्वज्ञाचं १९१२ चं छोटं पुस्तक, तत्त्वज्ञानाच्या समस्यांवरचं, ते समोरच्या टेबलापासूनच सुरू होतं. दोन्ही एकत्र वाचायला घाबरू नकोस. १९८३ मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांनी संस्कृत पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले तत्त्वज्ञ यांना एकत्र बसवलं होतं आणि रसेलचा विधानांबद्दलचा विचार चक्क न्यायाच्या भाषेत पंडितांपुढे मांडला होता, पंडितांनी तो उलटसुलट तपासला. हे जमतं.

आणि पुस्तकं येईपर्यंत एक आठवडा हे कर. दिवसभरात ‘मला माहीत आहे’ असं जे जे म्हणशील त्यातली पाच वाक्यं रात्री वहीत लिही आणि प्रत्येकासमोर ‘कशावरून’ लिहून उत्तर दे: पाहिलं, ताडलं की कुणी सांगितलं. पाहिलं असेल तर त्यात जोडलेलं किती, ताडलं असेल तर लपलेली अट कोणती, सांगितलं असेल तर सांगणाऱ्याला कळायला जागा होती का. ‘जग सिम्युलेशन आहे’ हे वाक्यही त्या वहीत येऊ दे, त्याच्यासमोर जे लिहिशील ते मला कळव, मी वाचेन.